सव्वीस पावलांची खूण

शनिवार, १४ तारीख
सकाळचे दहा वीस
तुझ्याच दवाखान्यातला बाक

चार नंबर,

हे बघ, ते कारण मला सांगू नकोस. ‘मी आले की सगळ्यांना तोच दिवस आठवणार, सरांच्या दिवशी माझं तोंड कशाला,’ असं तू घरी मावशीला म्हणालीस. मावशीने ते आईला सांगितलं, आईने मला, आणि सांगता सांगता त्यात दोन उसासे पदरचे घातले. उसासे मी वजा केले. उरलं ते कारण साफ चुकीचं आहे. नऊ वर्षं चुकीचं आहे. आणि ते चुकीचं आहे हे तुला माहीत नाही, ही माझी भानगड, तुझी नाही.

झालं. पहिल्याच ओळीत सुटले. सर असते तर म्हणाले असते, तीन नंबर, अजून बंदूक वाजली नाही, मागे ये.

मागे आले. सप्रेम नमस्कार. आम्ही सगळे मजेत. बाबांनी नवा मिक्सर घेतला, मग त्यात काही बिघाड नसताना तो दुरुस्त केला, तेव्हापासून आम्ही पुन्हा हातानेच वाटतो. आईचे पाय दुखतात, पण तुझ्याकडे यायचं म्हटलं की दुखायचे थांबतात, कारण तू व्यायाम सांगतेस. तुझी तब्येत विचारत नाही. दार उघडलं की फटीतून दिसतेयस. केस कापलेस. चांगले दिसतायत.

हो, मी बाहेरच बसलेय. नंबर सतरा. काउंटरवरच्या बाईंना नाव ऑफिसातल्या एका बाईंचं सांगितलंय, म्हणजे तुला कागदावर ओळखू येणार नाही. आत आता अकरा नंबर आहे. हातात तासभर आहे. पत्र कुरिअरने का नाही पाठवलं, असं विचारशील. मी कुरिअरच्या ऑफिसात काम करते, म्हणून.

सर जाऊन तीन आठवडे झाले. त्यांच्या चष्म्याच्या दुकानाला कुलूप आहे. काचेला नाक लावलं की आतल्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता दिसतो, वरची मोठी ओळ वाचता येते, खालच्या नाहीत. सरांना हे सांगितलं असतं तर म्हणाले असते, बस खुर्चीवर, नंबर काढू.

सर गेले त्या दिवशी तू त्या दुकानासमोरच्या औषधांच्या दुकानाशी उभी होतीस. पाऊण तास. खोकल्याच्या बाटलीवरची माहिती पाऊण तास वाचत होतीस. तुला वाटलं कुणी बघत नाहीये. मी बघत होते. रस्ता ओलांडून मी यायला हवं होतं. आले नाही. का, ते ह्याच कागदात येईल. जरा दम धर.

लोकांना सर कोण होते हे सांगताना माझी पंचाईत होते गं. लोक म्हणतात, कोच म्हणजे स्वतः मोठे खेळाडू असतील. कसले खेळाडू. उभ्या जन्मात मी त्या माणसाला पळताना पाहिलं नाही. बस सुटत असली तरी चालत जायचे, आणि बस थांबायची. दिवसभर चष्मे विकायचे, आणि सकाळी पावणेसहा ते आठ उलट्या बादलीवर बसून आपल्याला पळवायचे. शहरभर लोकांच्या नाकावर चष्मे नीट बसवणार, आणि स्वतःच्या चष्म्याची एक काडी कायम दोऱ्याने बांधलेली. विचारलं की म्हणायचे, ह्या गिऱ्हाईकाला घाई नाहीये.

आपली नावं त्यांना येत नव्हती असं नाही. पण एकदा पळायचा क्रम ठरला आणि आपण एक, दोन, तीन, चार झालो ते झालोच. घरीसुद्धा तेच. ‘आज दोन नंबर फार छान होता, चारने डोळ्यात पाणी आणलं.’ काकूंना कितीतरी महिने वाटायचं, हे काचांचे नंबर सांगतायत.

आणि तो रिलेचा बॅटन. न बघता घ्यायचा, मागचीने ‘घे’ म्हणायचं, पुढचीने हात मागे करायचा, बस्स, मध्ये विचार नाही. त्याचा सराव दुकानात, दोन काउंटरांच्या मधल्या बोळात, चष्म्याच्या डब्यांनी. एका आजोबांचा नवा कोरा चष्मा आपण चौघींनी तीनदा फिरवला होता आणि आजोबा टाळ्या वाजवत होते. भूगोलाच्या बाई तुला म्हणाल्या, खडू घे, तर तू त्यांच्याकडे पाठ करून हात मागे केलास. वर्गाबाहेर काढलं तुला. सरांना कळलं तेव्हा त्यांनी तुला त्या दिवशी एक उकडलेलं अंडं जास्तीचं दिलं आणि आम्हा तिघींना विचारलं, तुम्हाला का नाही काढलं वर्गाबाहेर?

मावशीच्या स्वयंपाकघरात आपण लाटणं द्यायचो, चमचे द्यायचो, आणि एकदा मी तुला गरम झारा दिला. तळहातावर डाग असेल अजून. तो गुन्हा मी लगेच कबूल केला होता. बोंबलतच. तेव्हा मला ते जमायचं.

बारा नंबर आत गेले. माझ्या शेजारी मानेला पट्टा लावलेले एक काका आहेत. ते माझ्या कागदात बघतायत, मान न वळवता, नुसते डोळे फिरवून. काका, तुमच्या मानेची काळजी घ्या.

उद्याचं सांगते. सकाळी साडेसहा, ग्राउंडवर. सरांनी काकूंना बजावून ठेवलंय की फोटो नको, भाषण नको, भाषण करील त्याला ग्राउंडच्या दोन चकरा. एक मोठे क्रीडा अधिकारी येणार होते, चकरांचं कळल्यावर त्यांना एकाएकी बाहेरगावी जायचं निघालं. भाषणाऐवजी सगळ्यांनी पळायचं, लहान-मोठे, नवे-जुने, ज्याला जसं जमेल तसं. आणि सगळ्यात आधी आपण चौघी. चार गुणिले शंभर.

एक नंबरला जुळं झालंय. ती म्हणते, मी आता फक्त दूध उतू जाताना पळते, पण तेव्हा मला कुणी धरू शकत नाही. दोन नंबर बँकेत बसून बसून ऐसपैस झालीय. पण आठवडाभर जिने चढतेय आणि रोज ग्रुपवर आकडा टाकतेय, जसा काही हिमालय. तिसरी मी. चौथी जागा काकूंनी कुणाला देऊ दिली नाही. मी म्हटलं, काकू, ती नाही म्हणालीय. काकू इस्त्री करत होत्या. म्हणाल्या, येणार ती, ह्यांनी मला सांगितलंय. आणि इस्त्री कशाला करत होत्या, तर तुझ्या पाठीवर लावायच्या चार आकड्याच्या कापडाला.

ह्यांनी सांगितलंय. सरांनी ते कशाच्या जोरावर सांगितलं, ते फक्त मला माहीत आहे.

आता ह्यापुढचं सगळं तुला पाठ आहे. पण ते ओळीने लिहिल्याशिवाय मला पुढे सरकता येत नाहीये, तेव्हा वाच.

पुढची पळणारी अंदाजाने सुटत नाही. ती आधीच ट्रॅकवर, आपल्या मागे, चिकटपट्टीची खूण लावून ठेवते. मागची पळत येऊन त्या खुणेवर पोचली की पुढची सुटते, आणि मग मागे बघायचं नाही. खूण किती मागे लावायची ते पावलांनी मोजायचं, टाचेला चवडा लावत. तुझी सव्वीस पावलं. ती सव्वीस सरांनी तीन महिने घासून काढली होती. पंचविसाला मी तुझ्या अंगावर येऊन आदळायचे, सत्ताविसाला पोचायचे नाही. सव्वीस म्हणजे सव्वीस. आणि सरांचा नियम, ज्याची खूण त्याने मोजायची. अगदीच दुसरीसाठी मोजायची वेळ आली, तर तिचा बूट हातात न्यायचा आणि तो जमिनीवर टेकवत टेकवत मोजायचं. आपण किती हसायचो. कमरेत वाकून एक बूट फडक्यासारखा ढकलत न्यायचा, आणि सगळं मैदान बघतंय. दोन नंबर म्हणायची, सर, त्यापेक्षा आम्ही हरतो.

फायनलच्या दिवशी दुपारी खुणा लावायला पाच मिनिटं दिली. सर तुझ्या घोट्याला पट्टी बांधत होते. तू म्हणालीस, माझीपण लावून ये, आणि पायातला बूट काढायला लागलीस. मी म्हटलं, राहू दे, पिशवीतला जुना नेते.

पिशवी गॅलरीत, सगळ्यात वरच्या पायरीवर होती. खाली ट्रॅकवरचे साहेब घड्याळ दाखवत ओरडत होते. पण खरं सांगायचं तर वेळ होता. शेजारच्या लेनमध्ये त्या दुसऱ्या संघाच्या उंच मुली उभ्या होत्या, एकसारखे कपडे, एकसारख्या वेण्या. त्यांच्यासमोर मला वाकून बूट ढकलायचा नव्हता. एवढंच. ह्याहून मोठं कारण मी नऊ वर्षं शोधतेय, सापडत नाही.

मी माझ्या पायांनी मोजली. सव्वीस. माझा पाय आठ नंबरचा, तुझा पाच.

लिहिलं बघ. काका दुसरीकडे बघायला लागलेत.

एका पावलाला जेमतेम दीड बोटाचा फरक. सव्वीस वेळा दीड बोट म्हणजे दीड हात. तुझी खूण दीड हात जास्त मागे लागली. मी तिच्यावर आले, तू सुटलीस, जशी रोज सुटायचीस तशीच, डोळे पुढे. आणि मी तुझ्या मागून घे, घे, घे ओरडतेय. तुझा उघडा हात मला दिसत होता, हातभर पुढे, आणि तो तसाच हातभर पुढे राहिला. बॅटन जिच्या आत द्यावा लागतो त्या रेषेच्या पलीकडे तो कसाबसा तुझ्या हातात पडला आणि लाल झेंडा वर गेला. आपण बाद.

त्यानंतर तू पळालीस ते कुणी पाहिलंच नाही. सगळे झेंड्याकडे बघत होते. तू दोघींना मागे टाकलंस आणि पहिली आलीस. मी पाहिलं. मला तेवढंच दिसत होतं.

मग सगळे म्हणाले, चार नंबर घाबरली, लवकर सुटली. क्रीडा वसतिगृहासाठी चौघींची निवड होणार होती ती राहिली, आणि का राहिली ह्याला एक सोपं वाक्य मिळालं. परतीच्या बसमध्ये तू खिडकीशी बसली होतीस, मी शेजारी. एकदाच विचारलंस.

‘बूट नेला होतास ना?’

‘नेला होता.’

‘मग मीच लवकर सुटले.’

आणि मी तुझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, होतं गं असं कधी कधी. तुझी समजूत काढली मी. खोटं बोलले ते एकवेळ बाजूला ठेव. समजूत काढली, ते माझ्याच्याने अजून गिळवत नाही.

सरांनी त्याच्या आधीच विचारलं होतं. बाकीचे पंचांशी हुज्जत घालायला धावले, सर एकटे तुझ्या लेनमध्ये गेले आणि चिकटपट्टीपाशी उकिडवे बसले. परत आले ते माझ्या पायांकडे बघत. तिच्या बुटाने मोजलीस? मी म्हटलं, हो सर. बरं, म्हणाले. ज्या माणसाने जन्मभर लोकांना ‘आता दिसतंय? आता?’ असं विचारलं, त्याला माझे पाय दिसले नसतील, हे मी स्वतःला किती वर्षं सांगत होते.

कधी कधी मला त्यांचा रागही येतो. सांगून टाकायचं होतं ना तुला. तुझ्या घरी तीनदा आले, तू खोलीचं दार उघडलं नाहीस, तर दाराबाहेरून म्हणाले, चूक माझी, मी शिकवण्यात कमी पडलो. मावशी अजून सांगते ते. माझं नाव घेतलं नाही. मला ओरडले नाहीत. फक्त मी ग्राउंडवर लहान मुलांना शिकवायला लागल्यावर दर शनिवारी बादलीवरून हाक यायची, तीन नंबर, ते बुटाचं सांग ह्यांना. आणि मी सांगायचे. वाकून, बूट ढकलून दाखवायचे. मुलं हसायची, सर हसायचे, मीही हसायचे. मी अख्ख्या ग्राउंडला शिकवलं. तुझ्या घराचा जिना मात्र चढले नाही.

तू बूट कुणाला तरी देऊन टाकलेस. मी पळत राहिले. दोन पदकं आहेत घरी, आई पुसते. आपण भांडलोसुद्धा नाही. भांडलो असतो तर बरं झालं असतं. तुला लाज वाटायची म्हणून तू मला टाळलंस, मला भीती वाटायची म्हणून मी तुला. दादाच्या लग्नात आपण दोघी एकमेकींना चुकवायला म्हणून जेवणाच्या रांगेतून इतक्यांदा बाहेर पडलो, की शेवटी वाढणाऱ्यांनी मला विचारलं, ताई, जेवणात काही कमी आहे का?

चौदा बाहेर आला. काकांचा नंबर पंधरा. ते उठताना मला म्हणाले, लिहा लिहा, थांबू नका.

थांबत नाही. राहिलंय ते सगळ्यात वाईट आहे.

सरांच्या शेवटच्या आठवड्यात मी त्यांना भेटायला हॉस्पिटलमध्ये गेले होते. सर मजेत होते. समोरच्या खाटेवरच्या माणसाला श्वास कसा घ्यायचा ते शिकवत होते आणि तो माणूस डॉक्टरांचं सोडून ह्यांचं ऐकत होता. काकू पाणी आणायला गेल्या तेव्हा मला जवळ बोलावलं. म्हणाले,

‘सांगितलंस का तिला?’

नऊ वर्षांत पहिल्यांदा. काय, कुणाला, असं मला विचारावं लागलं नाही. मी म्हटलं, हो सर.

‘मग?’

‘हसली.’

इथे तरी थांबायचं. नाही. मी म्हटलं, सर, ती म्हणाली, गाढवे, एवढ्यासाठी नऊ वर्षं? सर इतके हसले की नर्स धावत आली. त्या दिवशी त्यांनी वाटीभर सूप जास्त प्यायलं. काकू आल्यावर त्यांना म्हणाले, चार येईल आता. काकूंनी धरलं ते मनात, आणि ती इस्त्री त्यामुळेच.

त्यांचा चष्मा उशाशी काढून ठेवलेला होता. चष्म्याशिवाय त्यांना माझं तोंड धुरकटच दिसत असणार. म्हणून फसले, असं मी म्हणते. मग पुन्हा वाटतं, नाही, सगळं दिसलं आणि तरी हसले. दोन्ही धरून बघितलं. कुठलंच नीट बसत नाही.

तर तुझ्या तोंडात मी घातलेलं एक वाक्य त्यांच्याबरोबर गेलंय. ते खरं करायची तुझ्यावर काही सक्ती नाही. तू हसावंस असं मी म्हणत नाही. चिडलीस तर तो हक्क आहे तुझा, मावशीच्या घरचं लाटणं आहे, मी उभी राहीन. पण उद्या न यायचं जे कारण तू दिलंस, ते आता उरलेलं नाही. दुसरं शोध. ‘मला तिचं तोंड बघायचं नाही’ हे चालेल, ते मजबूत आहे, काकूंनाही पटेल.

आणि तू ये किंवा नको येऊ, उद्या पळायच्या आधी मी सगळ्यांसमोर हे सांगणार आहे. एक, दोन, काकू, लहान मुलं, सगळ्यांसमोर. ते भाषण धरलं तर दोन चकरा मारीन. आलीस तर तुझी खूण तूच मोज. मी हातसुद्धा लावणार नाही.

सोळा आत गेल्या. त्या फक्त रिपोर्ट दाखवायला आल्यात, म्हणाल्या, म्हणजे दोन मिनिटं.

माझा बेत असा होता की मी आत येईन, समोर बसेन आणि हे सगळं तोंडाने सांगेन. कागद फक्त आठवणीसाठी. पण आता बसल्या बसल्या मला ते दिसायला लागलंय. तू दार उघडशील. मला बघून थबकशील. मग स्वतःला सावरून, सवयीने, तुझ्या त्या पेशंटच्या आवाजात विचारशील, कुठे दुखतंय? आणि मी मला ओळखते गं. मी खांदा पुढे करीन. म्हणीन, इथे जरा, पार्सलं उचलून. तू दहा मिनिटं मन लावून तो खांदा दाबशील, मला बरंसुद्धा वाटेल, आणि कागद खिशात घालून मी घरी जाईन.

म्हणून मी आत येत नाही.

बाईंनी सतरा म्हटलं. परत म्हटलं. मी कागद त्यांच्या हातात देतेय. त्या म्हणतील, अहो, तुमचाच नंबर ना हा? मी सांगीन, हो, पण माझ्याऐवजी हा आत जाईल. तू दारापर्यंत येशील तोवर मी खाली रस्त्यावर असेन. मागे लागू नकोस, बाहेर अजून सात पेशंट आहेत.

तू वेळेवर सुटली होतीस.

तुझी,
तीन नंबर